पडद्यावरील नकाशा कां अडतो?

छापील नकाशाचा एक गुण असा कीं, तो पाहतां पाहतां बंद पडत नाहीं. भिंतीवर टांगलेला नकाशा धूळ खाईल, घडीवर फाटेल, त्यांतील एखाद्या संस्थानाचें नांव इतिहासजमा होईल. परंतु पाहणारानें मुंबईवरची नजर काढून ती नागपुराकडे वळविली, तर मधल्या क्षणांत तो कोरा होत नाहीं. संगणकाच्या पडद्यावरील नकाशाची गोष्ट निराळी आहे. नगररचनेच्या कचेरींत, वनखात्यांत, विद्यापीठाच्या भूगोल विभागांत आज नकाशे तयार होतात ते टेबलावरील संगणकावर. आणि तेथें बसणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव केव्हां ना केव्हां येतोच. नकाशा बोटभर सरकवावा, तों पडदा पांढरा पडतो, एक लहानसें चक्र गरगर फिरूं लागतें, खिडकीच्या माथ्यावर प्रतिसाद नसल्याची सूचना उमटते, आणि थोड्या वेळानें ती सबंध खिडकीच नाहींशी होते. सकाळपासून आंखलेल्या शेतांच्या हद्दी तिच्याबरोबर जातात.

अशा वेळीं दोष दिला जातो तो यंत्राला. संगणक जुना झाला असें म्हणून नवा, अधिक मेमरीचा संगणक आणला जातो; आणि महिन्या-दोन महिन्यांत तोही त्याच ठिकाणीं अडूं लागतो. याचें कारण समजण्यासाठीं नकाशा यंत्राच्या पोटांत कोणत्या रूपानें असतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

यंत्राच्या पोटांत चित्र नसतें. अंकांच्या जोड्या असतात. गांवची विहीर म्हणजे एक जोडी, अक्षांशाची आणि रेखांशाची. रस्ता म्हणजे अशा जोड्यांची माळ. आणि तालुक्याची हद्द म्हणजे जिचें शेवटचें टोंक पहिल्याला येऊन मिळालें आहे अशी माळ. माळेंत मणी किती ओवावयाचे हें नकाशा करणाराच्या हातीं असतें, आणि त्याची हांव वाढतच जाते. भारताच्या समुद्रकिनाऱ्याचें उदाहरण घ्या. १९७० नंतरच्या दशकांत त्याची लांबी सुमारें ७,५१६ किलोमीटर ठरविण्यांत आली, ती एकास पंचेचाळीस लक्ष या प्रमाणाच्या नकाशावरून. पुढें एकास अडीच लक्ष या प्रमाणाच्या नकाशांवरून तोच किनारा पुन्हां मोजला, तेव्हां तो सुमारें ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्र होता तेथेंच होता; पण पूर्वीं जी खाडी एका रेघेनें ओलांडली होती ती आतां आंत शिरून मोजली गेली. कोंकणची किनारपट्टी ज्यांनीं पायाखालीं घातली आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. यंत्राला मात्र त्या प्रत्येक वळणाचे मणी वाहावे लागतात.

आतां हा नकाशा पडद्यावर यावयाचा. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६००. समजा, किनाऱ्याच्या, नद्यांच्या आणि गांवशिवांच्या माळांत मिळून ५० लक्ष बिंदु आहेत. सबंध राज्य पडद्यावर आणलें, तर इतक्या बिंदूंना बसावयास जागाच नाहीं. कित्येक बिंदु एकाच ठिपक्यावर येऊन पडतात आणि डोळ्यांना दिसतो तो एकच. तरीही भोळा प्रोग्राम प्रत्येक बिंदु डिस्कवरून उचलतो, पृथ्वीच्या गोलावरून तो सपाटीवर आणण्याचें गणित करतो, पडद्यावर तो कोठें पडेल तें ठरवितो, आणि मग रंग लावतो. उलट, पाहणारानें एखाद्या गल्लीवर नजर रोखली, तर पडद्यावर पन्नास बिंदूही नसतात. पण ते पन्नास कोणते हें कळण्यासाठीं हा प्रोग्राम पुन्हां पन्नास लक्ष चाळतो. नकाशा थोडा सरकला कीं सारा व्याप पहिल्यापासून. यंत्र दुप्पट वेगाचें आणलें, तर हा व्याप निम्म्या वेळांत उरकेल हें खरें. परंतु तोंपर्यंत नकाशा चौपट झालेला असतो. म्हणून या क्षेत्रांतील जाणत्या माणसांनीं आपली बुद्धि विशेषेंकरून एकाच प्रश्नावर खर्च केली आहे: यंत्रानें काय काय पाहावयाचें सोडून द्यावें?

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर प्रथम उभा राहिला तो कॅनडांत. १९६० नंतरच्या दशकांत त्या देशानें आपल्या जमिनीची मोजदाद हातीं घेतली: कोठें शेती व्हावी, कोठें जंगल राखावें, कोठें वन्य पशूंना रान मोकळें सोडावें. नकाशांची संख्या प्रचंड होती, आणि एकावर एक ठेवून त्यांतील क्षेत्रफळें हातानें काढावयाचीं म्हटलें, तर तेवढीं शिकलेलीं माणसें मिळणें कठीण होतें. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलज्ञानें हें काम संगणकावर सोंपविण्याची योजना मांडली, आणि आयबीएम कंपनीच्या सहकार्यानें ती अमलांत आली. त्या वेळचा संगणक खोलीभर असे आणि त्याची माहिती चुंबकीय फितीवर असे. फीत म्हणजे पोथी नव्हे, कीं हवें तें पान काढून वाचावें. पुढचें हवें असेल तर मधलें सारें गुंडाळावें लागे. नकाशावर शेजारीं असलेले दोन चौकोन फितीच्या दोन टोंकांना पडले, तर यंत्राचा सगळा वेळ फीत पुढें-मागें फिरविण्यांतच जावयाचा. गाय मॉर्टन यानें १९६६ सालीं यावर एक नामी युक्ति काढली. नकाशाचे चौकोन त्यानें ओळीनें मांडले नाहींत. चार चौकोनांचा एक गट, अशा चार गटांचा एक मोठा गट, अशा क्रमानें मांडले. त्यासाठीं करावयाचें तें इतकेंच, कीं चौकोनाचा आडवा क्रमांक आणि उभा क्रमांक द्विमान पद्धतीनें लिहून त्यांचे अंक एकाआड एक गुंफावयाचे. एवढ्यानें जमिनीवरचे शेजारी बहुधा फितीवरही शेजारी राहिले. फितीचे दिवस मागें पडले तरी मॉर्टनचा क्रम आजही वापरांत आहे.

पुढें, १९८४ सालीं, अमेरिकेंत बर्कली येथें अँटोनिन गटमन यानें शोधाची जी पद्धति मांडली ती आर-वृक्ष या नांवानें प्रसिद्ध आहे. प्रत्येक आकृतीभोंवतीं एक चौकट कल्पावी. जवळजवळच्या चौकटींभोंवतीं एक मोठी चौकट, आणि तशा मोठ्या चौकटींभोंवतीं आणखी मोठी. पाहणाराच्या खिडकीला जी मोठी चौकट स्पर्शच करीत नाहीं, तिच्या पोटांतील एकही आकृति तपासावी लागत नाहीं. टपालखात्यांत हेंच चालतें. रत्नागिरीचें पत्र शोधणारा कारकून चंद्रपूरच्या पिशवीला हात लावीत नाहीं. अशी सूचि जवळ असली, म्हणजे पन्नास लक्षांतून पन्नास निवडण्यास डोळ्याचें पातें लवण्याइतकाही वेळ पुरतो.

पण ती जवळ असावी लागते. आणि पुष्कळदां नसते. नकाशांच्या देवघेवींत फार वर्षें रूढ असलेली फाइल म्हणजे शेपफाइल. कॅलिफोर्नियांतील एस्री कंपनीनें ती १९९० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली. तिला एक फाइल म्हणतात खरें, पण ती किमान तीन फाइलींचें बिऱ्हाड आहे: एकींत आकृति, दुसरींत त्या आकृतींची अनुक्रमणिका, तिसरींत प्रत्येक आकृतीला जोडलेली माहिती. प्रदेशावरून शोध घेणारी सूचि ही चौथी, आणि बिऱ्हाड एका कचेरींतून दुसरीकडे हलतांना मागें राहते ती बहुधा हीच. नकाशा उघडतो, दिसतो, कोणाला कांहीं चुकल्यासारखें वाटत नाहीं. फक्त सारें काम गोगलगाईच्या गतीनें चालतें. नव्या संगणकावर पैसे खर्च करणाऱ्या कित्येकांचें काम एक बटन दाबून ही सूचि पुन्हां तयार करण्यानें भागलें असतें.

दुसरी युक्ति रेघ विरळ करण्याची. डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉइकर यांनीं ती १९७३ सालीं प्रसिद्ध केली; आदल्याच वर्षीं उर्स रामर यानेंही ती स्वतंत्रपणें काढली होती. माळेच्या दोन टोंकांमध्यें एक दोरी ताणावी आणि दोरीपासून सर्वांत दूर असलेला मणी पाहावा. तो ठरलेल्या अंतराच्या आंत असेल, तर मधले सारे मणी गाळावे; बाहेर असेल, तर तो राखून त्याच्या दोन्ही अंगांस पुन्हां तशाच दोऱ्या ताणाव्या. हें अंतर पडद्यावरील एका ठिपक्याहून कमी धरलें, तर लक्षावधि बिंदु गळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाहीं. चित्र काढण्यापुरती ही काटकसर निर्दोष आहे. तीच मूळ नकाशावर केली, तर मात्र घात होतो. दोन गांवांच्या सामाईक शिवेवर हा प्रयोग प्रत्येक गांवासाठीं वेगळा केला, तर दोन माळांचे आरंभ निराळे असल्यामुळें निराळे मणी गळतात. आणि कालपर्यंत एकमेकांस चिकटलेल्या दोन गांवांमध्यें कोणाच्याच मालकीची नसलेली एक चिंचोळी पट्टी उघडी पडते.

येथवर मंदपणाचा विचार झाला. अडून बसणें आणि कोसळणें हीं दुखणीं वेगळीं. तीं समजण्यास क्यूजीआयएस या प्रोग्रामचा इतिहास सोईचा आहे. अलास्कांतील गॅरी शेरमन यांना लिनक्सवर झपाट्यानें चालणारा नकाशादर्शक हवा होता; तो मिळेना, म्हणून २००२ सालीं त्यांनीं स्वतःच लिहावयास घेतला. पुढें जगभरच्या स्वयंसेवकांनीं त्याला हात लावला, २००९ सालीं त्याची १.० ही आवृत्ति निघाली, आणि आज तो विनामूल्य मिळणाऱ्या नकाशा-प्रोग्रामांत अग्रगण्य आहे. त्याची घडण सर्वांना पाहण्यास खुली असल्यामुळें त्याचीं दुखणींही चारचौघांत चर्चिलीं जातात. बंद दाराआड तयार होणाऱ्या प्रोग्रामांना दुखणीं नसतात असें मात्र कोणीं समजूं नये.

२०१४ पर्यंत या प्रोग्रामची एक खोड होती. नकाशा रंगविणारा आणि वापरणाराच्या हाकेला ओ देणारा नोकर एकच होता. तो रंगकामांत गुंतला, म्हणजे बटन दाबा, हाक मारा, उत्तर नाहीं. आणि वापरणाराला वाटे कीं प्रोग्राम मेला. त्या वर्षीं निघालेल्या २.४ या आवृत्तींत रंगकामासाठीं निराळे कामकरी नेमले गेले. संगणकाच्या भाषेंत त्यांना थ्रेड म्हणतात. नद्यांच्या थराला एक, रस्त्यांच्या थराला दुसरा; आणि दारावरचा नोकर मोकळा. नकाशा सरकवला, कीं अर्धें राहिलेलें काम टाकून कामकरी नवें हातीं घेतात. सोय मोठी झाली; पण एका चुलीवर चार स्वयंपाकी उभे केले, म्हणजे जें होतें तेंही ओघानें आलें. एकानें उतरविलेलें पातेलें दुसरा ढवळावयास गेला, कीं प्रोग्राम जागच्याजागीं कोसळतो. हे दोष विलक्षण चिवट असतात. शंभरांत एकदां घडतें, आणि दुरुस्त करणारा समोर बसला असतां नेमकें घडत नाहीं.

कोसळण्याचीं कारणें आणखीही आहेत. क्यूजीआयएसला कोणीही प्लगइन नांवाची जोडणी लिहून लावूं शकतो. ती मुख्य प्रोग्रामच्याच होडींत बसते, आणि होडीला भोंक कोणीं पाडलें याची चौकशी बुडाल्यावर व्हावयाची. मेमरीचें कारण त्याहून ढोबळ आहे. ३२ बिटांच्या प्रोग्रामला मेमरींतील सुमारें ४२९ कोटि जागांनाच क्रमांक देतां येतात. म्हणजे ४ गिगाबाइट. संगणकांत ३२ गिगाबाइट मेमरी बसविली, तरी असल्या प्रोग्रामचा हात चारांपलीकडे पोंचत नाहीं. एस्रीचा सुप्रसिद्ध आर्कमॅप अखेरपर्यंत ३२ बिटांचाच राहिला; २०१५ सालीं त्याच कंपनीनें आर्कजीआयएस प्रो हा ६४ बिटांचा प्रोग्राम काढला, तेव्हां ती भिंत दूर झाली. मधल्या काळांत ज्यांनीं आर्कमॅपसाठीं म्हणून मेमरी वाढविली, त्यांचा बराचसा खर्च पाण्यांत गेला.

प्रोग्राम कोसळला तरी काम वांचावें कीं नाहीं, हें पुष्कळसें फाइलीवर अवलंबून असतें. शेपफाइलचीं तिन्ही अंगें एकामागून एक लिहिलीं जातात. मध्येंच वीज गेली, तर आकृति शंभर आणि माहिती अठ्ठ्याण्णवांची, अशी फारकत होऊं शकते. २०१४ सालीं प्रमाणभूत ठरलेल्या जिओपॅकेज या प्रकारांत सारें एकाच फाइलींत असतें, आणि बदल पुरा होईपर्यंत त्याची नोंद बाजूच्या वहींत ठेवली जाते. काम अर्धवट राहिलें, तर पुढच्या वेळीं फाइल उघडतांच तो अर्धा बदल रद्द होऊन नकाशा पूर्वस्थितीला येतो. मात्र वापरणारानें जतनाचें बटनच दाबलें नसेल, तर त्याच्या रेघा केवळ मेमरींत असतात. तेथें या वहीचा इलाज चालत नाहीं. सकाळपासूनच्या हद्दी जातात त्या अशा.

सर्वांत चमत्कारिक बिघाड होतात ते निव्वळ अंकगणितामुळें. एक तृतीयांश दशांशांत लिहावयास बसलें, तर कोठें तरी थांबावेंच लागतें. यंत्रालाही तसेंच थांबावें लागतें. ६४ बिटांच्या संख्येंत सुमारें पंधरा-सोळा अंक मावतात, ३२ बिटांच्या संख्येंत जेमतेम सात. पुणें विषुववृत्तापासून सुमारें २० लक्ष ५० हजार मीटर दूर आहे. हें अंतर ३२ बिटांत लिहिलें, तर दोन लगतच्या संख्यांमध्यें साडेबारा सेंटिमीटरांची फट राहते. भिंतीचा कोपरा खऱ्या जागीं न बसतां जवळच्या पायरीवर जाऊन बसतो. ६४ बिटांत हीच फट मीटरच्या अब्जांशाहूनही लहान होते. एवढी सूक्ष्मता पुरेशी वाटेल. पण दोन हद्दींचा छेदनबिंदु काढतांना तो केसाच्या कोट्यंशानें सरकतो आणि क्वचित् तिसऱ्या रेघेच्या पलीकडे जातो. जी रेघ डावीकडे असावयाची ती उजवीकडे निघते, गणिताला विसंगति सांपडते, आणि पूरक्षेत्र व शेतजमीन यांचे थर एकमेकांवर ठेवण्याचें काम मध्येंच थांबतें. क्यूजीआयएस आणि इतर अनेक प्रोग्राम ज्या जिओस नामक गणितसंग्रहावर विसंबतात, त्यांत २०२० च्या डिसेंबरांत निघालेल्या ३.९ या आवृत्तीनें ही पद्धति मुळापासून बदलली. तिच्यामागचें काम मुख्यतः मार्टिन डेव्हिस यांचें. पहिला प्रयत्न फसला, तर सर्व बिंदु ठरलेल्या बारीक जाळीच्या छेदांवर आणून बसवावयाचे आणि हिशेब नव्यानें मांडावयाचा, ही त्यांतील शेवटची तोड. वापरणारांपैकीं फारच थोड्यांना हा बदल झाल्याचें कळलें असेल. प्रोग्राम थांबत नाहींसा झाला, म्हणजे कोणी त्याचें कारण विचारीत नाहीं.

स्थैर्य हवें आणि नवीनताही हवी, ही ओढाताण मात्र अशा युक्तींनीं मिटत नाहीं. २०१८ च्या फेब्रुवारींत क्यूजीआयएसची ३.० ही आवृत्ति निघाली, तेव्हां तिच्या खालचा पाया बदलला होता. जुन्या जोडण्या नव्यानें लिहीपर्यंत निकामी झाल्या. नव्या आवृत्त्या साधारण चार-चार महिन्यांनीं निघूं लागल्या होत्या, आणि प्रत्येकींत नव्या सोयींबरोबर नवे दोषही येत. यावर तोडगा म्हणून २०१५ सालच्या २.८ पासून वर्षांतून एक आवृत्ति दीर्घ मुदतीची ठरविण्याची प्रथा पडली: तींत नवें कांहीं घालावयाचें नाहीं, सांपडलेले दोष तेवढे दुरुस्त करावयाचे. ज्या कचेरींत नकाशावर रोजचें काम चालतें, तेथें हीच आवृत्ति असावी. चकचकीत नव्या आवृत्तीचा हव्यास घरच्या संगणकावर खुशाल पुरवावा.

मंद चालणारा प्रोग्राम वेळ खातो, कोसळणारा काम खातो. तिसरी एक जात आहे, आणि तिच्याविषयीं तक्रार ऐकूं येत नाहीं. कारण हा प्रोग्राम अडखळत नाहीं, कोसळत नाहीं, झटकन् उत्तर देतो, आणि तें उत्तर चुकीचें असतें. इंटरनेटवरील रस्त्यांचे नकाशे बहुधा वेब मर्केटर या पद्धतीनें सपाट केलेले असतात. विषुववृत्तापासून दूर जावें तसतशी या पद्धतींत जमीन फुगते. असा नकाशा आधीं पसरून त्यावर शेत आंखलें आणि सपाटीवरच क्षेत्रफळ काढलें, तर पुण्याजवळचें १० एकर शेत ११ एकरांहून किंचित् अधिक भरतें. अलास्कांत अँकरेज येथें तेंच शेत सुमारें ४३ एकर भरेल, आणि पाहणारा तत्काळ दचकेल. पुण्यास दचकण्यासारखें कांहीं नसतें. एखादा एकर इकडे-तिकडे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, तो आंकडा अहवालांत जातो आणि अहवालावरून नुकसानभरपाई ठरूं शकते. क्यूजीआयएसच्या गणकांत क्षेत्रफळ काढणारे दोन शब्द आहेत. एकाच्या आरंभीं डॉलरचें चिन्ह असतें, आणि प्रकल्पाला पृथ्वीचा आकार नेमून दिलेला असल्यास तो तिची गोलाई हिशेबांत धरतो. दुसरा शब्द त्या चिन्हावांचूनचा, आणि तो सपाटीवर मोजतो. दोन्ही एकाच यादींत आहेत, आणि दोन्ही तितक्याच चपळाईनें उत्तर देतात.